नैनीतालचा एक दिवस

नैनीतालला गाडीवाला एका दिवसात भीमताल, सातताल, नौकुचियाताल फिरवून आणतो. तळी सुरेखच, पण निम्मा दिवस गाडीत जातो आणि वळणांनी पोटात ढवळतं ते वेगळंच. माझं ऐकाल तर गावातच पायी फिरवणारा गाईड घ्या. नैनादेवीच्या देवळाजवळच्या मोठ्या मैदानाबद्दल त्याला विचारा. १८ सप्टेंबर १८८० रोजी डोंगर कोसळला, १५१ माणसं गेली. त्याच दरडीच्या मातीनं हे मैदान वाढलं. आपण तिथं मजेत भुट्टा खात असतो! इंग्रजांनी डोंगरउतारावर नाले बांधले, पावसाचं पाणी मुरून पुन्हा दरड सुटू नये म्हणून. नाले तळ्यात उतरतात आणि गाव त्याच तळ्याचं पाणी पितं. तेव्हा मुलांच्या वेफर्सची रिकामी पाकिटं पर्समध्येच ठेवा, हॉटेलवर गेल्यावर टाका.