वाचलेला वेळ कोणाच्या वाट्याला?

(बुद्ध पौर्णिमेनिमित्त मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 

'तंत्रज्ञान आणि आपला समाज' या विषयावर आम्ही बोलावे अशी मंडळाची इच्छा आहे. आम्ही काही शास्त्रज्ञ नाही. पुण्याजवळ हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारे आणि वाकडला एका भाड्याच्या सदनिकेत एकत्र राहणारे आम्ही पाच जण आहोत. कोणी लातूरचा, कोणी नांदेडचा, कोणी अकोल्याचा. दिवसभर संगणकापुढे बसावयाचे, घरी आल्यावर भांडी कोणी घासावयाची यावर वाद घालावयाचा आणि रात्री जमल्यास एखादी विज्ञानकथा वाचावयाची, असे आमचे आयुष्य. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे आम्हाला वाटते. आज तेवढेच आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आरंभ एका शब्दापासून करू. 'रोबो' किंवा 'रोबोट' हा शब्द आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तो आला कोठून? कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली 'आर. यू. आर.' नावाचे नाटक लिहिले. त्यात कारखान्यात तयार केलेली माणसासारखी माणसे आहेत. त्यांनी केवळ राबावयाचे. त्यांना काय नाव द्यावे हे चापेक यांना सुचेना, तेव्हा त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी 'रोबोट' हा शब्द सुचविला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करावयाचे काम. आपल्या भाषेत त्याला नेमका शब्द आहे. तो शब्द म्हणजे वेठ.

मित्रहो, हा शब्द ऐकून आपल्या आजोबा-पणजोबांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. महार वतनाच्या नावाखाली गावकीची कामे करावयाची, सरकारी निरोप पोहोचवावयाचे, बोलावणे आले की हातातला घास ठेवून धावावयाचे आणि मोबदला म्हणून मूठभर बलुते घ्यावयाचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने संपली. माणूस जन्मतःच कामासाठी नेमलेला आहे ही कल्पना चापेक यांना नाटकासाठी रचावी लागली. आपल्या देशात तिला धर्माची मान्यता होती.

म्हणूनच यंत्राकडे पाहण्याची आपली दृष्टी इतरांहून वेगळी असली पाहिजे. 'यंत्र आले, माणूसपण गेले' असे हळहळणे ज्याच्या घरात कधी कोणी मोट ओढली नाही, मैला वाहिला नाही त्याला परवडते. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस व गांधीजींच्या अस्पृश्यविषयक कार्याची झाडाझडती घेणारा ग्रंथ लिहिला. त्यात यंत्रविरोधी विचारांना त्यांनी स्पष्ट उत्तर दिले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, यंत्रामुळे अनर्थ होत असतील तर दोष यंत्राचा नाही. खासगी लाभाला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा तो दोष आहे. माणसाला पशुवत कष्टांतून सोडवून फुरसत मिळवून द्यावयाची तर यंत्राला पर्याय नाही, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही.

फुरसत हा शब्द येथे फार महत्त्वाचा आहे. यंत्र वेळ वाचविते, हे निर्विवाद. परंतु तो वाचलेला वेळ कोणाच्या वाट्याला जावा, हे यंत्र ठरवीत नाही. ते माणसे ठरवितात. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. गिरणीतील यंत्रे तीच होती. कायदा बदलला म्हणून कामगाराला आठवड्याचे सहा तास परत मिळाले.

आता आमच्याकडे पाहा. आमच्या हातात जी साधने आहेत त्यांनी आठ दिवसांचे काम दोन दिवसांत होते. आता तर प्रोग्राम लिहिण्याचा पुष्कळसा भाग कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. मग आम्ही सायंकाळी पाचला घरी येतो काय? नाही. वाचलेल्या दिवसांत आणखी काम भरले जाते. अमेरिकेतला ग्राहक जागा झाला की आमची रात्र सुरू होते. फोन उशाशी ठेवून झोपावे लागते. पगार चांगला आहे, वातानुकूलित कचेरी आहे, त्यामुळे आपण कामगार आहोत हे आमच्यापैकी कित्येकांना पटत नाही. परंतु ज्याच्या वेळेचा मालक दुसरा, तो कामगारच होय. त्याच्या गळ्यात ओळखपत्राची फीत असली म्हणून काय झाले?

यंत्र असूनही वेठ कशी टिकते, याचे याहून दाहक उदाहरण आपल्या शहरांच्या रस्त्यांखाली आहे. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, अधिक कडक कायदा २०१३ साली झाला. २०१८ साली केरळात तिरुवनंतपुरम येथे तरुण अभियंत्यांनी बनविलेला 'बँडिकूट' हा मॅनहोल साफ करणारा रोबो कामाला लागला. म्हणजे कायदा आहे आणि यंत्रही आहे. तरीही माणसे गटारात उतरून गुदमरून मरत राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख करावी लागली. यंत्र खरेदी करण्यापेक्षा माणूस उतरविणे ठेकेदाराला स्वस्त पडते, आणि तो माणूस बहुधा कोणत्या वस्तीतून येतो हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. जात ही श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. नवे यंत्र या विभागणीला आपोआप धक्का लावीत नाही.

उलट, यंत्र जुना भेदभाव शिकूही शकते. अॅमेझॉन या कंपनीने नोकरीचे अर्ज पारखणारी संगणकप्रणाली तयार केली होती. तिला मागील दहा वर्षांचे अर्ज शिकविण्यासाठी दिले. त्यात पुरुषांचे अर्ज अधिक होते. परिणामी ती प्रणाली स्त्रियांच्या अर्जांना कमी गुण देऊ लागली. तो प्रकल्प कंपनीने सोडून दिल्याचे २०१८ साली उघड झाले. संगणकाच्या मनात कोणाविषयी द्वेष नसतो. आपण त्याला जो इतिहास देतो तोच तो भविष्य म्हणून परत करतो. ज्या देशात भाड्याने घर शोधतानाही आडनाव विचारले जाते, त्या देशाचा इतिहास यंत्राला शिकविताना शेजारी कोण बसलेले आहे, हा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे. आपल्या मुलामुलींनी या क्षेत्रात यावे असे आम्ही म्हणतो ते केवळ पगारासाठी नव्हे.

आता घरातली गोष्ट. विषयांतर झाले असे कृपया समजू नये.

आम्ही पाच जण एकत्र राहू लागलो तेव्हा स्वयंपाक, केर, भांडी आणि संडास-न्हाणीघर यांच्या पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावला. वर्षभर तो सुरळीत चालला. पुढे आमच्यातील सर्वात धाकट्या मुलाची नोकरी गेली. भाड्याचा वाटा त्याला देता येईना. तेव्हा एकाने सुचविले, की त्याने भाडे देऊ नये, त्याऐवजी सर्वांच्या वाट्याची साफसफाई करावी. सूचना सद्भावनेची होती. हिशेबही बरोबर जुळत होता. तो मुलगासुद्धा तयार झाला. तरीही त्या रात्री आम्ही एक वाजेपर्यंत वाद घातला.

कारण प्रश्न पैशांचा राहिला नव्हता. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने इतरांची घाण काढावी, आणि त्याने होकार दिला आहे म्हणून ते न्याय्य समजावे, हा व्यवहार आमच्या पूर्वजांनी ओळखलेला होता. अखेर ठरले ते असे. त्याचे भाडे चौघांनी भरावे, नोकरी लागल्यावर त्याने जमेल तसे फेडावे, आणि संडासाची पाळी मात्र पूर्वीप्रमाणेच पाचही जणांची राहावी. पाळी पैशाने विकता येणार नाही, हा नियम तक्त्याखाली लिहिला. सात महिन्यांनी त्याला नोकरी लागली. पैसे त्याने फेडले. त्याहून मोलाचे हे, की त्या सात महिन्यांत तो घरात खाली मान घालून वावरला नाही.

हा नियम आमच्या बुद्धीचा चमत्कार नव्हे. मज्झिम निकायात गोसिंग शालवनात राहणाऱ्या अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल या तीन भिक्खूंची हकीकत आहे. भिक्षाटनाहून जो आधी परतेल त्याने आसने मांडावीत, पिण्याचे पाणी ठेवावे. जो शेवटी येईल त्याने जेवून झाल्यावर सर्व झाडून-पुसून आवरावे. रिकामा घडा ज्याला दिसेल त्याने तो भरावा, एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवावे. आणि दर पाचव्या रात्री एकत्र बसून धम्मचर्चा करावी. त्यांचे एकत्र राहणे दूध-पाण्यासारखे एकजीव होते. अनुरुद्ध शाक्य कुळातील, ऐश्वर्यात वाढलेले. परंतु घडा रिकामा दिसला तर भरावयाचा, येथे कुळ विचारात घेतले जात नाही. संघ ही काही केवळ ध्यान करणाऱ्यांची जमात नव्हती. जन्मावरून काम ठरू न देता एकत्र जगण्याचा तो प्रयोग होता.

हाच प्रश्न विज्ञानकथाही विचारते, म्हणून ती आम्हाला आवडते. अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेच्या १९७४ सालच्या 'द डिस्पझेस्ड' या कादंबरीत एका ग्रहावर मालक-नोकर नसलेला समाज आहे. तेथे दर दहा दिवसांतून एक दिवस सर्वांना सामूहिक कष्टांचे काम करावे लागते. शास्त्रज्ञही त्यातून सुटत नाही. त्याही आधी, १९०५ साली, बंगालच्या बेगम रुकैया सखावत हुसेन यांनी 'सुलतानाज ड्रीम' ही कथा लिहिली. त्यात स्त्रियांच्या राज्यात सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, चुलीचा धूर नाही. एका मुसलमान स्त्रीने पडद्याच्या काळात बसून पाहिलेले हे स्वप्न. पुढे त्यांनी मुलींची शाळाही काढली. मराठीत डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठविली. आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये, कथा कथेच्या गुणावर पारखली जावी हा त्यामागील हेतू. तिला पहिले बक्षीस मिळाले. नावावरून माणूस जोखणाऱ्या आपल्या समाजात हा आदर्श लक्षात ठेवण्याजोगा आहे. २०२५ साली ते गेले. त्यांचे हे ऋण आपण मानले पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, विज्ञानकथा अवश्य वाचा, पण वाचताना एक प्रश्न विचारा. त्या अंतराळयानातील संडास कोण साफ करतो? यंत्र करीत असेल तर ते यंत्र कोणाच्या मालकीचे? आणि त्या यानात आपल्यापैकी कोणी आहे काय? उत्तर सापडले नाही तर ती कथा आपण लिहा. आपल्या साहित्याने भूतकाळाची वेदना समर्थपणे मांडली. भविष्याचा आराखडाही आपल्याच लेखणीने काढला पाहिजे.

शेवटी मंडळाला एक विनंती. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाल्यावर बाबासाहेबांनी १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. एकत्र राहणे आणि शिकणे ही चळवळीची पहिली पायरी होती. मंडळाच्या अभ्यासिकेत संगणक ठेवण्याचा विचार चालू आहे असे समजले. आम्ही पाचही जण रविवारी आळीपाळीने शिकविण्यास येऊ. आमच्या दोनच अटी आहेत. संगणकावर बसण्याच्या वेळापत्रकात निम्म्या वेळा मुलींसाठी राखून ठेवाव्यात, आणि त्याही संध्याकाळच्या सोयीच्या असाव्यात. दुसरे, अभ्यासिका झाडण्याच्या पाळ्यांचा तक्ता लावावा आणि त्यात शिकविणाऱ्यांची, म्हणजे आमचीही नावे असावीत.

यंत्रे येतच राहतील. आपल्या वाट्याला त्यांची फुरसत यावी, नुसती वेठ येऊ नये, यासाठी कायदा लागेल, संघटना लागेल, शिक्षण लागेल. पण त्याची सवय घरातल्या रिकाम्या घड्यापासून लावून घेता येते.



जयभीम! जय भारत!