तीर्थाला जाऊ, तसे अरण्यालाही जाऊ

(बीड येथे कुटुंबांच्या एकत्रीकरणात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



बीड जिल्ह्यातील माणसाला ज्योतिर्लिंगाचे माहात्म्य सांगण्याची आवश्यकता नाही. परळीचा वैद्यनाथ आपल्या घरचाच. औंढा नागनाथ आणि वेरूळचा घृष्णेश्वर झाले की आपली कुटुंबे त्र्यंबकेश्वर व भीमाशंकराचा विचार करू लागतात. गाडी ठरते, दशम्यांची शिदोरी बांधली जाते, पहाटे नारळ वाढवून मंडळी निघतात. भीमाशंकरी पोचल्यावर पायऱ्या उतरायच्या, रांगेत उभे राहायचे, दर्शन घ्यायचे, पेढे बांधून घ्यायचे आणि दोन-तीन तासांत परत फिरायचे. पुण्य पदरी पडते. पण ज्या अरण्यात हा महादेव बसला आहे, ते अरण्य पाहायचे राहून जाते. आज त्या अरण्याविषयी मी आपल्याशी बोलणार आहे.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भीमाशंकरच्या माथ्यावर तो तीन हजारांच्या घरात जातो. झाडे नाहीत म्हणून आपल्याकडे पाऊस नाही, असे सरळ गणित अनेक जण मांडतात. ते पूर्णतः बरोबर नाही. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात व तेथेच रिते होतात. आपण त्या पर्वताच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत आहोत. तथापि, पडलेल्या पावसाचे काय होते, हे मात्र झाडे ठरवतात. सदाहरित वनात थेंब आधी पानावर पडतो, मग फांदीवरून, खोडावरून उतरतो आणि कुजलेल्या पाल्याच्या जाड थरात मुरतो. आपल्या बालाघाटच्या उघड्या माळावर तोच थेंब थेट मातीवर आदळतो आणि मातीच घेऊन निघून जातो. हा फरक पुस्तकातून समजण्यापेक्षा त्या वनात अर्धा तास उभे राहून अधिक चांगला समजतो.

भीमा नदी तेथेच उगम पावते. हीच भीमा पंढरपुरी चंद्रभागा होते. आपल्या आष्टी तालुक्याच्या सीमेवरून वाहणारी सीना पुढे तिलाच मिळते. वारकऱ्याने ज्या पाण्यात स्नान करायचे, त्या पाण्याचे माहेर हे अरण्य आहे.

शेकरूचा मार्ग

१९८५ साली या वनाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर. पुणे, रायगड आणि ठाणे या तीन जिल्ह्यांत पसरलेले. ज्याच्यासाठी हे अभयारण्य विशेषत्वाने ओळखले जाते, तो शेकरू म्हणजे मोठी खार, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस अंगाचा, झुपकेदार लांब शेपटीचा हा प्राणी आपले बहुतेक आयुष्य झाडांच्या माथ्यावर काढतो. उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांची घरटी बांधतो, आणि एकच बांधून थांबत नाही, अनेक बांधतो. एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेत त्याचा प्रवास चालतो. म्हणून त्याला नुसती झाडे असून भागत नाही. झाडाला झाड लागलेले असावे लागते. रस्ता रुंद झाला, वाहनतळ झाला, दुकानांची रांग वाढली, की वरचे हिरवे छत तुटते. मग शेकरूला खाली उतरावे लागते, आणि खाली कुत्री व वाहने असतात.

२०२७ साली नाशिक-त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत. त्या निमित्ताने भीमाशंकराकडे वळणारा ओघ वाढेल, हे उघड आहे. भाविकांना सोयी हव्यात, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. वृद्धांना पायऱ्या चढवत नाहीत, स्त्रियांना स्वच्छतागृह लागते. प्रश्न सोयीच्या मर्यादेचा आहे. महादेवाच्या दाराशी गाडी गेलीच पाहिजे, हा आग्रह आपण धरला, तर त्याची किंमत तो शेकरू मोजतो. आपण दोन किलोमीटर चाललो, तर कोणालाच काही मोजावे लागत नाही.

वनाचे धनी

हे वन आजवर टिकले, त्यात तेथील महादेव कोळी बांधवांचा मोठा वाटा आहे. त्या डोंगरांत गावोगावी देवराया आहेत. आहुपे येथील देवराई त्यांपैकी प्रसिद्ध. देवाच्या नावे राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, हा दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा सुशिक्षित समाजाला त्यांचे मोल कळले. ज्यांनी त्या राखल्या, त्यांना ते आधीपासूनच ठाऊक होते.

आपण आश्विन वद्य द्वादशीला वसुबारस करतो, गाय-वासराची पूजा करतो. त्याच दिवशी सह्याद्रीतील महादेव कोळी वाघबारस करतात. जो वाघ गाईला मारू शकतो, त्यालाही देव मानून त्याच्यापुढे नैवेद्य ठेवतात. गोधन आणि वाघ दोघांनाही एकाच रानात जागा आहे, हा विचार त्यांनी ग्रंथाविना जपला आहे.

या बांधवांचे पोटही याच वनावर आहे. आपल्या घरी त्रिफळा चूर्ण असते, तान्ह्या बाळाच्या गुटीत हिरडा उगाळला जातो. तो हिरडा उन्हातान्हात झाडावर चढून गोळा करणारे हात यांचे आहेत. १९८५ साली अभयारण्य झाले, तेव्हा वन वाचवणाऱ्या नियमांनी वनात राहणाऱ्यांच्या रोजच्या व्यवहारावरही बंधने आली. चराई, सरपण, घर बांधणे, सारेच परवानगीचे विषय झाले. २००६ साली वनहक्कांचा कायदा होऊन वननिवासींचे हक्क मान्य करण्याची वाट खुली झाली. संरक्षण हवे की माणसे, असा वाद घालणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की तेथे संरक्षणाची परंपरा माणसांनीच निर्माण केली. त्यांना बाजूला सारून वन राखता येईल, असे मला वाटत नाही.

कसे जावे?

आता व्यवहाराचे बोलू. यात्रेसाठी एक मुक्काम वाढवा. तो शक्यतो जवळच्या गावात, स्थानिक कुटुंबाकडे करा. नाचणीची भाकरी आणि तेथील भात खा, आणि त्याचे योग्य दाम द्या. वाटाड्या गावातलाच घ्या. त्यामुळे घरात चार पैसे जातात, आणि झाडाचे नाव सांगणारा माणूसही मिळतो.

दर्शनानंतर गुप्त भीमाशंकरापर्यंत रानातून चालत जा. नागफणीच्या कड्यावरून खाली कोकण दिसते. तरुणांना चढाईच करायची असेल, तर कर्जतकडील खांडस गावातून गणेश घाटाची वाट आहे. शिडी घाटाची वाट अवघड आहे. पावसाळ्यात मुलाबाळांना घेऊन तिकडे जाणे हे धाडस नव्हे, अविचार होय. ३० जुलै २०१४ रोजी जवळच्याच माळीण गावावर दरड कोसळली आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. अतिवृष्टीत डोंगर काय करू शकतो, हे विसरू नये. निघण्यापूर्वी दर्शनाची व वाटांची चौकशी अवश्य करावी. मंदिरासमोरची पोर्तुगीज घंटा मुलांना दाखवा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या पराक्रमाची ती खूण मानली जाते.

रानात ध्वनिक्षेपक नको, भडक कपडे नकोत, वानरांना खाऊ नको. प्लॅस्टिकची पिशवी नेली, तर तीच परत आणावी. मे-जून महिन्यांत काजवे पाहायला जाल, तर विजेऱ्या विझवा आणि पायवाट सोडू नका. गवतात पाय पडला की पुढल्या वर्षीचे काजवे पायदळी जातात.

आपले नायगाव

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा आहे. पाटोदा तालुक्यातील नायगावला १९९४ पासून मयूर अभयारण्य आहे. क्षेत्र ३० चौरस किलोमीटरला थोडे कमीच. दहा हजार सहाशेहून अधिक चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात हा वाटा जेमतेम पाव टक्का. तेथे सदाहरित वन नाही. पानझडी झाडे, काटेरी झुडपे आणि गवत आहे. परंतु मोर तेथे राहतो, आणि आपल्या मांजरेचा उगमही याच तालुक्यातील बालाघाटात आहे. सौताड्याचा धबधबा आपण पाहतो, कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला जातो. त्या पाण्यामागचा डोंगर मात्र क्वचितच पाहतो.

भीमाशंकराचे रान पाहून आलेल्या मुलाने उद्या विचारले, की बाबा, आपल्या डोंगरावर असे का नाही, तर त्याला पर्जन्यछाया जरूर समजावून सांगा. पण तेवढ्यावर थांबू नका. त्याला नायगावला न्या. खुरट्या रानातही पाणी कसे मुरते, चराई थांबलेल्या जागी गवत कसे उठते, ते दाखवा. आपला डोंगर भीमाशंकर होणार नाही. तो हिरवा बालाघाट होऊ शकतो, आणि तेवढे झाले तरी बिंदुसरेच्या काठच्या विहिरींना ते पुष्कळ आहे.

या वर्षी प्रत्येक कुटुंबाने दोन सहली कराव्यात, एवढीच माझी विनंती. पहिली नायगावची, दुसरी भीमाशंकरची. क्रम बदलू नये.