तार जुनीच, टोक आता आपल्या हातात
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय 'संगणकाचे जाळे' असा फळ्यावर लिहिलेला पाहून मागे बसलेले काही जण हसले. कापसाच्या भावाचे सोडून हे काय काढले, असे त्यांना वाटले असणार. पण सातबारा, पीक पाहणी, पीक विमा, अनुदान, रेशन यांतले या जाळ्याबाहेर आता काय उरले आहे? तिथे 'नेटवर्क नाही' म्हटले की आपण घरी परततो. ज्या वस्तूवाचून काम अडते, ती आतून कशी चालते हे आपल्याला माहीत नको का? बैल विकत घेताना आपण त्याचे दात पाहतोच ना?

पहिली गोष्ट ही की कापूसवाल्याला जाळे नवीन नाही. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. त्याच साली सुएझहून एडनमार्गे मुंबईपर्यंत समुद्राच्या तळावरून तारायंत्राची तार पोचली. वऱ्हाडचा कापूस आणि विलायतेचा बाजार तारेने जोडला गेला. पण ती तार कोणाच्या दारात उतरली? व्यापाऱ्याच्या. विलायतेत भाव चढला की पडला, हे पेढीवर आधी कळे. गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला कळे ते सगळ्यांत शेवटी, तेही पेढीवाल्याच्या तोंडून. तार होती, पण तिच्या टोकाला आपण नव्हतो. आजच्या भाषणातले एवढे एक वाक्य लक्षात ठेवा.

आता संगणकाचे जाळे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून सुमारे ५५० किलोमीटरवरच्या स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतील संगणकाला पहिला निरोप धाडला गेला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. 'एल' आणि 'ओ' ही दोन अक्षरे पोचली आणि यंत्र बंद पडले! तेव्हा पहिल्याच दिवशी जाळे 'डाउन' झाले होते. आपल्याच नशिबी हे आले असे समजू नका.

हा निरोप जातो कसा? समजा, ज्वारीच्या कडब्याची अख्खी गंजी दुसऱ्या गावी न्यायची आहे. एका गाडीत ती मावत नाही. आपण पेंढ्या सुट्या करतो. प्रत्येक पेंढीला चिठ्ठी बांधली : कोणाकडून, कोणाकडे, कितवी पेंढी. मग मिळेल त्या गाडीत टाकल्या. एक गाडी नदीकडून गेली, एक फाट्यावरून गेली, एका रस्त्यावर पाणी आले म्हणून एक वळसा घेऊन गेली. पलीकडच्या माणसाने चिठ्ठ्या वाचून गंजी पुन्हा रचली. सतरावी पेंढी आली नाही तर तेवढीच परत मागवली. जाळ्यात नेमके हेच होते. तुमचा फोटो, तुमचा अर्ज, तुमचे बोलणे यांचे तुकडे होतात. ते मोबाइलवरून टॉवरला, टॉवरवरून बहुतेक वेळा केसासारख्या बारीक काचेच्या तारेतून प्रकाशाच्या रूपात पुढे जातात. त्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. देशाबाहेर जायचे असेल तर आजही निरोप मुख्यतः समुद्रतळावरच्या तारेनेच जातो.

वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या देशांची यंत्रे एकमेकांचे ऐकतात कशी? बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव करतात. ती खूण दोघांनाच कळते, बैलाचा मालक बघत राहतो. जाळ्यातल्या यंत्रांचीही खूण ठरलेली आहे, पण ती उघड्यावर ठरली. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी १९७४ साली ती मांडली, १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेतले ते मूळ जाळे तिच्यावर चालू लागले. ती कोणीही वाचावी, कोणीही वापरावी, पैसे लागत नाहीत. म्हणून तर हे जाळे जगभर पसरले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी खुले झाले.

मग सगळे आलबेल आहे का? नाही. रस्ता सर्वांचा असला तरी रस्त्याच्या कडेची दुकाने मालकीची असतात. टॉवर कोणाचा, ज्या यंत्रात आपली नोंद राहते ते कोणाचे, हे विचारावेच लागते. आणि अडले की नेमके कुठे अडले, हेही ओळखता आले पाहिजे.

'सर्व्हर डाउन' हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. अडचण तीन जागी असू शकते. मोबाइल आणि टॉवर यांच्यामध्ये, वाटेतल्या तारेत, किंवा पलीकडच्या कचेरीच्या यंत्रात. मोबाइलवर बाकीचे सगळे उघडते आणि तेवढे एकच पान उघडत नाही, तर दोष बहुधा तुमच्या सिग्नलचा नाही, पलीकडचा आहे. अशा वेळी पडद्याचा फोटो काढा, त्यात तारीख आणि वेळ दिसू द्या. साध्या कागदावर अर्ज लिहा, फोटो जोडा, कचेरीत द्या आणि पोच घ्या. २०२१ पासून राज्यात पीक पाहणीची नोंद आपणच मोबाइलवरून करतो. मुदतीचा शेवटचा दिवस गाठाल तर सारा गाव त्याच दिवशी त्याच दारात उभा असेल. पेरणीला वापसा पाहतो, तशी नोंदणीलाही आधीची वेळ साधा.

दुसरे, पैशाचे. कृषी केंद्रात बियाण्याचे पैसे मोबाइलने देता, तेव्हा नोटा कुठे जात नाहीत. तुमच्या बँकेच्या वहीतून रक्कम कमी करा, दुकानदाराच्या वहीत वाढवा, एवढा निरोप जातो. तो निरोप खरा तुमचाच, हे बँकेला तुमच्या पिनवरून कळते. म्हणजे पिन हा तुमचा अंगठा आहे. पैसे द्यायला पिन लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. 'अनुदान जमा करतो, पिन टाका, ओटीपी सांगा' असा फोन आला की समजा, समोर चोर आहे. फसलाच असाल तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

तिसरे, भावाचे. २००० साली मध्य प्रदेशात एका मोठ्या कंपनीने सोयाबीनच्या गावांत 'ई-चौपाल' नावाने संगणक बसवले. मंडीत न जाता भाव कळू लागला. अपराजिता गोयल या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी त्याचा अभ्यास करून २०१० साली निष्कर्ष छापला : जिथे संगणक आले, तिथल्या मंडीतला भाव सरासरी १ ते ३ टक्क्यांनी वाढला. ही वाढ फार नाही, पण तिचे कारण बघा. शेतकऱ्याला दुसरीकडचा भाव कळला आणि दुसरे गिऱ्हाईक मिळाले, म्हणून मंडीतल्या व्यापाऱ्याला हात सैल सोडावा लागला. नुसता भाव कळून मात्र भागत नाही. गाडी भरून अडत्याच्या दारात उभे राहिल्यावर मोबाइल पाहिलात तर उपयोग काय? गाडी भरण्याआधी पाहा, दोन-तीन बाजारांचे पाहा, आणि ज्याच्याकडे माल थांबवायची सोय आहे त्याने थांबवा. जाळे बातमी आणून देईल, कापूस ठेवायला कोठी काही देणार नाही.

म्हणून जाण्यापूर्वी एकच मागणे. प्रत्येक गावातून एक मुलगा आणि एक मुलगी नेमा. आपल्या ग्रामपंचायतीपर्यंत काचेची तार आली आहे का, आली असेल तर चालू आहे का, हे त्यांनी पुढच्या मेळाव्यात लिहून आणावे. घरातल्या बाईच्या खात्याचा पिन बाईलाच माहीत असावा, हेही बघावे.

१८७० साली तार आली तेव्हा आपल्या पणजोबांना कोणी विचारले नाही. आज तीच तार आपल्या खिशात उतरली आहे. जाळे समजून घेतले तर आपण त्यातून मासा काढू. नाही समजले, तर त्यातले मासे आपणच.