काझीरंगाचे गेंडे

निगरगट्ट माणसाला गेंड्याच्या कातडीचा म्हणण्याची मराठीत रीत आहे. आसामातील काझीरंगाचा एकशिंगी गेंडा पाहिला म्हणजे ही उपमा त्या प्राण्यावर अन्याय करणारी वाटते. चिलखताप्रमाणे घड्या पडलेली त्याची कातडी अभेद्य भासते खरी. परंतु बंदुकीच्या गोळीपुढे तिचा टिकाव लागत नाही. आणि ही गोळी झाडली जाते ती केवळ नाकावरच्या शिंगासाठी. ते शिंग म्हणजे हाडही नव्हे. मनुष्याची नखे ज्या द्रव्याची बनतात, त्या केराटिनाचाच तो घट्ट पुंजका. तथापि ज्वरावर ते गुणकारी असते अशी चीनमध्ये जुनी समजूत आहे, आणि व्हिएतनामातील धनिकांत ते अलीकडे वैभवाचे लक्षण होऊन बसले.

बाबराने सिंधूकाठच्या रानात गेंडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी आसामात ते मूठभरच उरले होते. १९०८ साली काझीरंगा राखीव जंगल ठरले, १९७४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. आणि २०२२ च्या गणतीत तेथे २,६१३ गेंडे भरले. मादी सुमारे सोळा महिने गर्भ वागवते व एका वेळी एकच पिलू देते, हे ध्यानी घेतले म्हणजे या आकड्यामागील शतकभराचे श्रम कळतात.

गेंडा विष्ठा टाकण्यास पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. ही सवय चोरट्या शिकाऱ्याच्या पथ्यावर पडते. पूर्वी तो त्याच्या वाटेत खड्डे खणी. पुढे विजेच्या तारा आल्या, मग आवाज न करणाऱ्या बंदुका. २०१३ व २०१४ या दोन वर्षांत आसामने पन्नासांहून अधिक गेंडे असे गमावले. २२ सप्टेंबर २०२१ रोजी बोकाखात येथे सरकारने साठवणीतील २,४७९ शिंगे जाहीरपणे जाळली. ती विकून पैसा का उभारू नये, असे एखादा हिशेबी मनुष्य विचारील. परंतु सरकारच विक्रेता झाले, तर शिंगाला मोल आहे या भ्रमावर राजमुद्राच उमटते. २०२२ या वर्षात आसामात एकही गेंडा चोरट्या शिकारीत मारला गेला नाही.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. ब्रह्मपुत्रेचा पूर काझीरंगाच्या गवताला व दलदलींना नवे जीवन देतो, आणि तोच पूर जनावरांना रानाबाहेर काढतो. ती दक्षिणेकडील हमरस्ता ओलांडून कार्बी टेकड्यांची वाट धरतात. उद्यानाची हद्द सुटली की रक्षकाचा हात आखूड पडतो, हे शिकारी पुरते जाणून असतो. म्हणून रस्त्यावर वाहनांचा वेग आवरला जातो. जनावरांना आसरा मिळावा म्हणून रानातच मातीचे उंचवटे रचले आहेत. तेथील दोनशेहून अधिक चौक्यांपैकी कित्येक अशा वेळी पाण्याने वेढल्या जातात. खालची जमीन दिसेनाशी होते, शिधा नावेतून येतो, आणि रक्षक त्याच नावेत बसून रात्रीच्या गस्तीला निघतो.