आईबाबांची लस आणि पाऊण डॉलर

ऑक्टोबर आला की अमेरिकेत आपण भारतातून आलेल्या आईबाबांना फार्मसीत नेऊन फ्लूची लस टोचून आणतो. त्या प्रत्येक डोसमागे कंपनीला पाऊण डॉलर कर भरावा लागतो. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस तीन रोगांवरची, म्हणून तिच्यावर सव्वादोन. लशीने इजा झाली तर भरपाई याच पैशाच्या निधीतून मिळते.

ही काही कुणाची दया नव्हे. 1980 नंतर डांग्या खोकल्याच्या लशीवर इतके खटले झाले की कंपन्या धंदा सोडू लागल्या. मुलांना लसच मिळणार नाही, या धास्तीने अमेरिकेच्या काँग्रेसने 1986 साली कायदा केला. दावा कंपनीवर नाही, आरोग्यमंत्र्यांवर. चूक कुणाची, हे सिद्ध करावे लागत नाही. दावा प्रामाणिक आणि साधार असेल तर हरल्यावरही वकिलाची फी निधीतूनच मिळते. वेदनेपोटी मात्र जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. तो आकडा तेव्हापासून हललेला नाही, याची मला चीड येते.

अलीकडे खांद्याचे दावे फार येतात. सुई दंडात फार वर टोचली, दोन दिवसांत खांदा धरला आणि दुखणे सहा महिन्यांहून अधिक टिकले, तर भरपाई मिळू शकते. दोष लशीचा नाही, टोचण्याचा, तरीही. उलट लशीने ऑटिझम झाल्याचे पाच हजारांवर दावे आले. त्यातले नमुन्याचे खटले 2009 आणि 2010 मध्ये पुरावा तपासून फेटाळले गेले. ‘सरकारनेच कबुली दिली’ म्हणत व्हॉट्सॲपवर या निधीकडे बोट दाखवणाऱ्यांनी ते निकाल जरूर वाचावेत.

दाव्यासाठी आईबाबांना अमेरिकेचे नागरिकत्व लागत नाही. लस इथे घेतलेली हवी. पहिल्या लक्षणापासून तीन वर्षांत दावा करा. नागिणीची लस या योजनेत बसत नाही. कोविडची तर निराळ्याच योजनेत. तिथे मुदत लस घेतल्यापासून एक वर्ष, न्यायाधीश नाही, वकिलाची फी नाही, वेदनेचे पैसेही नाहीत.

आणि भारतात? कोविडच्या लशीनंतर मुलगी गमावलेल्या आईबापांच्या याचिकेवर नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात लेखी सांगितले, की लस ऐच्छिक होती, भरपाई हवी तर दिवाणी न्यायालयात जा. म्हणजे तिथे निष्काळजीपणा सिद्ध करायचा, तोही या आईबापांनी. लस ऐच्छिक होती खरी; पण 15 ऑगस्ट 2021 पासून मुंबईत सर्वसामान्यांना लोकलचा पास मिळत होता, तो दोन डोसांचे प्रमाणपत्र दाखवूनच.