फळझाडांचे स्वसंरक्षण


बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यातील राणीसावरगावच्या परिसरात फळझाडाला कीड लागली, की प्रथम फवारणीचा पंप आठवतो. परंतु झाड निःशस्त्र नसते.

अळीने पान कुरतडताच त्या जखमेपाशी जॅस्मोनिक आम्ल हे संप्रेरक वाढते. त्याच्या प्रभावाने पानात अशी प्रथिने साठतात, की ती खाणाऱ्या अळीचे पचन बिघडते व वाढ खुंटते. अमेरिकेत ग्रीन आणि रायन यांनी १९७२ मध्ये बटाटा व टोमॅटोच्या पानांत अशी प्रथिने जखमेनंतर वाढतात, हे दाखविले. याच संप्रेरकामुळे सुटणाऱ्या गंधाने अळीचे शत्रू झाडाकडे ओढले जातात.

सीताफळावरील पिठ्या ढेकणासारख्या रसशोषक किडींविरुद्ध बहुधा सॅलिसिलिक आम्ल कामाला लागते. ते वाढले, की पुष्कळदा जॅस्मोनिक आम्लाचा प्रभाव घटतो. म्हणजेच एका शत्रूशी झुंजणारे झाड दुसऱ्यापुढे दुबळे पडू शकते.

संरक्षणाचा हा खर्च झाड आपल्या वाढीतूनच भागविते. तहानलेल्या झाडाला तो पेलणे कठीण. नत्राच्या अतिरेकाने लुसलुशीत पालवी फुटते व किडींचे फावते. सरसकट फवारणीने मित्रकीटकही मरतात आणि झाडाने घातलेली साद वाया जाते.

म्हणून आधी निरीक्षण, मग संतुलित खतपाणी, आणि नुकसानीची मर्यादा ओलांडल्यावरच औषध, हा क्रम असावा. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून मराठवाड्याच्या शेतीसाठी उभे आहे. ग्रामपंचायतींनी त्याचा सल्ला गावापर्यंत आणावा, आणि शिक्षकांनी शाळेतील झाडांवरचे मित्रकीटक मुलांना ओळखावयास शिकवावे.