धूळ कोणाच्या खात्यावर?

(विष्णुपुरी येथील बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत हा माणूस धूळ पकडणाऱ्या यंत्राचे काय सांगतो, असे तुम्हाला वाटेल. पण हाही भावाचाच प्रश्न आहे. आपला कापूस जिनिंगला जातो, तूर लातूरच्या डाळ मिलला जाते, खडी केंद्र कुठे कुठे बांधालाच येऊन बसते. तिथली धूळ परत आपल्याकडे येते. पानावर थर बसला की ऊन कमी पोचते, पानाची छिद्रे बुजतात, पीक खंगते. जिनात राबणाऱ्या आपल्याच लेकरांच्या छातीत कापसाची धूळ जाते. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो. त्या रोगाचे नाव बिसिनोसिस.

ही धूळ अडवता येते. खळ्यावर उपणताना जड दाणा पायाशी पडतो, हलके भूस वाऱ्यावर जाते. कारखान्यात पंखा धुळीची हवा ओढून आधी सायक्लोन नावाच्या नरसाळ्यात गरगर फिरवतो. जड कचरा कडेला आपटून खाली पडतो. बारीक धूळ मात्र निसटते. तिच्यासाठी बॅग फिल्टर.

एका लोखंडी पेटीत कापडी पिशव्या टांगलेल्या असतात. आत तारेचा सांगाडा असतो, म्हणून पिशवी चेपत नाही. हवा बाहेरून आत शिरते, धूळ बाहेर कापडावर अडकते. खरी गंमत पुढे आहे. कोऱ्या कापडापेक्षा त्यावर बसलेला धुळीचा पातळ थरच बारीक कण चांगला अडवतो. धूळच धुळीला अडवते! थर जाड झाला की हवा कोंडते. मग वरून दाबाच्या हवेचा क्षणभर झटका बसतो, पिशवी फुगते, थर खालच्या हॉपरमध्ये गळतो.

१५ सेंटिमीटर व्यासाच्या, ३ मीटर लांबीच्या १०० पिशव्या धरा. कापड भरते सुमारे १४१ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड गुंठा! एवढे कापड लागते, कारण हवा त्यातून सावकाश गेली पाहिजे. पैसे वाचवायला पिशव्या कमी लावल्या, तर हवा जोराने घुसते आणि कापड लवकर फाटते.

यंत्र बसवले म्हणजे काम झाले असे नाही. पंख्याला वीज लागते, दाबाची हवा लागते, पिशव्या बदलाव्या लागतात. हा खर्च वाचवायचा सोपा मार्ग म्हणजे यंत्र बंद ठेवणे. मालकाचा खर्च वाचतो आणि तोच आपल्या पानावर आणि छातीवर पडतो. त्याच्या वहीत तो दिसत नाही, आपल्याही नाही.

म्हणून नुसते ‘यंत्र आहे का’ विचारू नका. पेटीवरचा दाबाचा काटा दाखवा म्हणा. पंखा चालू असून काटा एकदम खाली आला असेल, तर पिशवी फाटली असण्याचा संभव. फार वर असेल, तर पिशव्या तुंबल्या. हॉपरमधून रोज किती धूळ निघते तेही विचारा. कारखाना चालू आणि हॉपर रिकामा, तर ती धूळ गेली कुठे? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात अटी लिहिलेल्या असतात. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली त्याची प्रत मागता येते. गावाने मिळून अर्ज करा.

जिन बंद पाडा, असे मी सांगत नाही. जिन बंद पडले तर आपला कापूस कोण घेणार? कारखाना चालावा, मालकाने नफाही कमवावा. पण त्याची धूळ त्याच्याच खात्यावर पडली पाहिजे. शेतकऱ्याने आजवर पुष्कळांचा खर्च सोसला. हा आणखी एक नको.